बर्फावर ऑल-व्हील-ड्राइव्ह: चढायला कामाची, थांबायला नाही

बेळगावला वळसा घालून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट दिल्लीला पोचतो. तिथून पुढं चंदीगड, मंडी, कुलू, मनाली. अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, तरी खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मंडळी हिवाळ्याच्या सुटीत घरची गाडी काढून निघतात. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. तेव्हापासून रोहतांगची खिंड न चढता लाहौलमध्ये उतरता येतं, आणि भर थंडीत सिस्सू, केलाँग बघायचा मोह आवरत नाही. बर्फ पडला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढं बहुधा फोर-बाय-फोर किंवा साखळी लावलेल्याच गाड्या सोडतात. त्यातून एक समज पक्का झाला आहे: चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घेतली की बर्फाची काळजी मिटली.

यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं जिवावर बेतू शकतं. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला जागेवरून हलवते आणि चढावर नेते. थांबवण्याचं काम तिचं नाही, आणि वळताना तिची मदत अगदी थोडी. हे नीट पटायला थोडं गणित करावं लागतं, पण ते शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचं नाही.

रस्ता किती धरतो

इंजिनात कितीही ताकद असली तरी ती रस्त्यावर उतरते टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून. कोरड्या डांबरावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण ८० टक्के जोर लावू शकतो. पावसात भिजलेल्या डांबरावर ५० टक्के. गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या बर्फावर २० टक्के. आणि वितळून पुन्हा गोठलेल्या, काचेसारख्या थरावर १० टक्के, कधी त्याहूनही कमी.

आता माणसं आणि सामान धरून १,४०० किलोची गाडी घ्या. पुढच्या चाकांवर ताकद देणाऱ्या गाडीत वजनाचा सुमारे ६० टक्के भाग, म्हणजे ८४० किलो, पुढच्या दोन चाकांवर असतो. काचेसारख्या बर्फावर त्या दोन चाकांना मिळणारी ओढ ८४ किलोची. एवढ्यात गाडी फार तर १०० मीटरला ६ मीटर चढेल, आणि चढावर वजन मागं सरकतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. डोंगरातले रस्ते बांधताना साधारण १०० ला ५ ते ६ मीटर चढ धरतात. म्हणजे ही गाडी नेमकी काठावर आहे: एखाद्या वळणावर चाकं गरगर फिरतील आणि गाडी जागीच राहील. चारही चाकांना ताकद दिली तर पूर्ण १,४०० किलो कामाला येतात, ओढ १४० किलोची होते आणि १०० ला १० मीटरचा चढही जमतो. ऑल-व्हील-ड्राइव्हचा खरा फायदा इथं आहे, आणि तो मोठा आहे.

आता तोच रस्ता उतरा. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतो, अगदी जुन्या मारुती ८०० लासुद्धा. त्यामुळे थांबताना ऑल-व्हील-ड्राइव्हकडं जास्तीचं काहीच नाही. ताशी ४० किलोमीटर वेगानं ब्रेक दाबल्यावर सपाट कोरड्या डांबरावर गाडी ८ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर साधारण ३२ मीटर लागतात, काचेसारख्या थरावर ६३. शंभराला ५ चा उतार असेल तर त्या १० टक्के पकडीतली निम्मी उतारच खातो आणि अंतर १२६ मीटर होतं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गेलेला सेकंद यात धरलेला नाही.

धोका इथंच तयार होतो. साधी गाडी चढावर घसरून आपल्याला वेळेवर सांगते की रस्ता वाईट आहे. ऑल-व्हील गाडी ते सांगतच नाही. ती शांतपणे वर जाते, चालकाला वाटतं रस्ता ठीक आहे, आणि रस्ता कसा आहे हे पहिल्यांदा कळतं ते उतारावरच्या वळणात.

वळणाचंही तसंच. २० मीटर त्रिज्येचं वळण कोरड्या डांबरावर ४५ च्या वेगापर्यंत निभतं, दाबलेल्या बर्फावर २२ पर्यंत, काचेवर १६ पर्यंत. ही सीमा चारही चाकं ओढत असली तरी बदलत नाही. मदत होते ती एवढीच: वळताना हलका ॲक्सिलरेटर दिला तर ओढीचं ओझं चार टायरांत वाटलं जातं, आणि पुढच्या टायरांकडं वळण्यासाठी थोडी जास्त पकड उरते.

डिफ लॉक ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी

आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात काळ्या रानातून भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढून काढताना ट्रॅक्टरचं एक मोठं चाक जागीच फिरायला लागतं आणि दुसरं गप्प उभं राहतं, हे कुणी पाहिलेलं नाही असं नाही. तेव्हा चालक टाचेनं डिफ लॉकचं पेडल दाबतो. दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि कोरड्या जागेवरचं चाक ट्रॅक्टर बाहेर काढतं. बर्फातली गाडी समजायला एवढं पुरेसं आहे.

डिफरन्शियल असतो वळण्यासाठी. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणं हे त्याचं काम. पण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देतो. एक चाक बर्फावर असेल आणि तिथं १० किलोच्या वर जोर लागतच नसेल, तर दुसऱ्या, चांगल्या जागेवरच्या चाकालाही १० किलोच मिळतात. कमजोर चाक जोडीदारालाही कमजोर करतं.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत असे दोन डिफरन्शियल असतात, एक पुढं, एक मागं. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना कसे जोडलेत, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. बाजारातल्या बहुतेक गाड्या तीन-चार प्रकारांत बसतात.

थार, जिम्नी, गुरखा यांच्या फोर-बाय-फोर मॉडेलांत ट्रान्स्फर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी असते. टू-एच (फक्त मागची दोन चाकं), फोर-एच (चारही चाकं), फोर-एल (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त) असा खटका आपण टाकायचा. फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट घट्ट बांधला जातो, मधे काही सुटत नाही. बर्फावर हे उत्तम, कारण लागेल तेवढं चाक थोडं घसरून हिशेब जुळवून घेतं. कोरड्या डांबरावर मात्र ही जोडी वाईट. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक जायला जागा नसते, शाफ्ट आणि गिअर पिळले जातात, स्टिअरिंग जड होतं आणि खटका पुन्हा टू-एचवर येता येत नाही. तसं झालं तर सरळ रेषेत थोडं मागं-पुढं केलं की पीळ सुटतो. बर्फाचे पट्टे आणि उघडं डांबर आलटून पालटून येत असेल तर डांबरावर टू-एच आणि बर्फावर फोर-एच करत राहण्याचा कंटाळा करू नका.

एक गोष्ट विकत घेतानाच बघा. थार रिअर-व्हील-ड्राइव्हमध्येही येते, आणि बाहेरून दोघी जवळपास सारख्या दिसतात. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर वजन कमी असतं, त्यामुळे फक्त मागून ढकलणारी गाडी बर्फावर सगळ्यात वाईट. तसंच उंच, दणकट दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्ही पुढच्या दोन चाकांवरच चालतात. उंची म्हणजे फोर-बाय-फोर नव्हे.

दुसरा प्रकार ग्रँड विटारा ऑल-व्हील, कंपास फोर-बाय-फोर, जुनी डस्टर ऑल-व्हील अशांचा. मुळात गाडी पुढच्या चाकांची. गिअरबॉक्सपासून एक लांब शाफ्ट मागं जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या अलीकडं एक कपलिंग असतं. या कपलिंगच्या पोटात काय आहे ते पाहायचं तर कुठल्याही मोटरसायकल गॅरेजात स्प्लेंडरचा क्लच उघडलेला बघा: तेलात बुडालेल्या पातळ चकत्यांची चवड, एक आड एक चकती वेगळ्या बाजूला बसवलेली. चवड सैल असेल तर दोन्ही बाजू स्वतंत्र फिरतात. दाबली की एकत्र फिरतात. मोटरसायकलवर तो दाब स्प्रिंगा देतात आणि हात तो सोडवतो. गाडीत छोटा विजेचा पंप किंवा चुंबक दाबतो, तोही हवा तेवढाच. १९९८ पासून हॅल्डेक्स नावाच्या कपलिंगनं ही पद्धत युरोपातल्या गाड्यांत रुळवली.

या पद्धतीतला जुना आणि नवा फरक महत्त्वाचा आहे. जुन्या गाड्यांतलं सिलिकॉन द्रव भरलेलं कपलिंग पुढचं चाक घसरल्यावरच जागं व्हायचं. आताचा कंट्रोल युनिट चारही चाकांची गती, स्टिअरिंगचा कोन, ॲक्सिलरेटर किती दाबला हे सेकंदात अनेकदा तपासतो आणि घसरण्याआधीच चकत्या दाबून ठेवतो. म्हणून जागेवरून निघताना मागची चाकं सुरुवातीपासून ढकलतात.

तिसऱ्या प्रकारात पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तिसरा डिफरन्शियल असतो आणि चारही चाकं कायम ओढतात. १९८० च्या ऑडी क्वाट्रोनं हा प्रकार गाजवला. आणि इलेक्ट्रिक गाडीत, उदाहरणार्थ हॅरिअर ईव्हीच्या दोन मोटरींच्या मॉडेलात, पुढं एक मोटर, मागं एक. मधे शाफ्टच नाही. मोटरचा जोर वाढवणं-घटवणं कुठल्याही चकतीपेक्षा झटपट होतं.

डावं-उजवं सांभाळायला मात्र यातल्या बहुतेक गाड्यांत ट्रॅक्टरसारखा डिफ लॉक नसतो. ते काम ब्रेक करतात. डावं चाक फुकट फिरायला लागलं की कॉम्प्युटर फक्त त्याच चाकाचा ब्रेक हलकेच दाबतो. डिफरन्शियलला वाटतं की डाव्या बाजूलाही आता विरोध आहे, आणि तेवढाच जोर उजव्या चाकाकडंही जातो. खालून घर्रघर्र, टकटक आवाज येतो. तो बिघाड नाही. बरेचजण इथं घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात आणि सिस्टीमचं काम अर्ध्यावर थांबतं. दोन-तीन सेकंद हलका पण स्थिर पाय ठेवा, तिला पकड शोधू द्या.

स्नो मोड म्हणजे वेगळं यंत्र नव्हे. तो ॲक्सिलरेटर बोथट करतो, ऑटोमॅटिक असेल तर बहुधा दुसऱ्या गिअरमध्ये निघतो, कपलिंग आधीच दाबून ठेवतो. लॉक मोड कपलिंग घट्ट धरतो, तो अडकलेल्या गाडीसाठी; वेग वाढला की बऱ्याच गाड्यांत आपोआप सुटतो. खोल बर्फात चाकं फिरवत राहिलात तर चकत्यांमधलं तेल तापतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी निमूट पुढच्या दोन चाकांवर येते. तेव्हा इंजिन चालू ठेवून थांबा, काही मिनिटांत ते निवतं. नेमकं चढाच्या मध्यात हे झालं तर पंचाईत, म्हणून लांब वेळ चाकं फिरवायचीच नाहीत.

पैसे टायरवर आधी

बजेट एकच असेल तर बर्फासाठी ते ऑल-व्हीलपेक्षा टायरांवर घालावं, कारण टायर निघायला, वळायला आणि थांबायला, तिन्हींना उपयोगी पडतो.

आपल्या गाड्यांना येतात ते उन्हाळी टायर. त्यांचं रबर गरम डांबरासाठी बनवलेलं असतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते कडक होत जातं. बेळगावात डिसेंबरच्या पहाटेही पारा सहसा इतका खाली जात नाही, म्हणून इथं कुणाला फरक जाणवत नाही. उणे १० ला तोच टायर रस्त्याच्या बारीक खडबडीत बसू शकत नाही, वरवर घसरतो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवर सुरीनं चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ अडकतो, आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो. मूठभर भुसभुशीत बर्फ दाबला की त्याचा घट्ट गोळा होतो, तेच इथं घडतं.

टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावर चाचणी देऊन पास झालेला आहे. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ते नक्षीपुरतं असतं, त्यावर विसंबू नका. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी डोंगर-हिमकणाचंच चिन्ह ग्राह्य धरतात. आपल्या दुकानांत खास हिवाळी टायर सहज मिळत नाहीत. ऑल-टेरेन टायरांपैकी काहींवर हे चिन्ह असतं, ते मागून घेता येतात. नक्षीची खोली आपल्याकडं कायद्याला १.६ मिलिमीटर चालते. बर्फासाठी ४ च्या खाली नको. ऑस्ट्रियात तेवढी कायद्यानंच लागते.

ऑल-व्हील गाडीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवायला हवी, बर्फात जायचं असो वा नसो. टायर दोनच बदलू नका. समजा २१५/६० आर १७ मापाचे टायर आहेत, पुढचे झिजून ३ मिलिमीटरवर आले आणि मागं नवे, ८ मिलिमीटरचे घातले. पाच मिलिमीटर त्रिज्येत कमी म्हणजे घेरात ३१ मिलिमीटर कमी. दर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळजवळ ७ फेरे जास्त घेतात. कॉम्प्युटरला वाटतं पुढचं चाक सतत घसरतंय, तो कपलिंग दाबत राहतो आणि चकत्या तापून झिजतात. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, शक्य तितक्या सारख्या झिजेचे हवेत, आणि ठरावीक अंतरानं पुढचे मागं, मागचे पुढं करावेत.

हवेचंही गणित बदलतं. बेळगावात २८ अंशाला ३३ पीएसआय भरलेला टायर केलाँगला उणे १० मध्ये नुसत्या थंडीनं जवळपास ६ पीएसआय उतरतो. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आणि केलाँग तीन हजारांच्या वर. तिथं बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्यामुळे गेजवर सुमारे ३ परत वाढलेले दिसतात. दोन्ही मिळून ३० च्या आसपास. तिथं सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा आणि दारावर चिकटवलेल्या आकड्याला आणा. हवा मुद्दाम खूप कमी करण्याचा वाळूतला उपाय दाबलेल्या बर्फाच्या रस्त्यावर वापरू नये.

साखळी, म्हणजे आपलं केज व्हील

खानापूर भागात भातलावणीच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात. चिखलात ते रुतून पकड घेतं, आणि डांबरी रस्त्यावर आणलं तर रस्त्याचीही वाट लागते आणि चाकाचीही. बर्फाची साखळी अगदी तीच जात. काचेसारख्या थरावर तिला दुसरा पर्याय नाही, हिवाळी टायरसुद्धा तिच्या जवळ येत नाही. फोर-बाय-फोर असली तरी साखळी गाडीत असलीच पाहिजे.

माप टायरच्या कडेवरचं बघून घ्यावं. कुठल्या चाकांना लावायची हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. काही गाड्यांत चाक आणि शॉकॲब्सॉर्बरमधली जागा इतकी कमी असते की जाड साखळी चालतच नाही. नुसत्या पुढच्या चाकांना लावली तर उतारावर ब्रेक दाबताच पुढचा भाग धरतो आणि मागचा भाग भोवऱ्यासारखा फिरू बघतो. जमत असेल तर चारही चाकांना लावावी.

घरच्या अंगणात दोनदा लावून बघा. साखळी टायरवर अंथरायची, गुंता सोडवायचा, आधी आतल्या बाजूचा हुक, मग बाहेरचा, मग ताण देणारा रबरी पट्टा. पन्नास-शंभर मीटर चालवून पुन्हा उतरून ताण द्यायचा, कारण ती बसते तशी सैल होते. वेग ३०-४० च्या वर नको. उघडं डांबर लागलं की काढायची. हे सगळं उणे तापमानात, बोटं बधिर झालेली असताना, मागं गाड्यांचे हॉर्न वाजत असताना पहिल्यांदा करायला गेलं तर हमखास चुकतं. रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला एक गोणपाट बरोबर ठेवा.

निघण्याआधी बेळगावातच

कूलंट बघा. आपल्याकडं पातळी उतरली की बरेचदा नळाचं पाणी ओतलं जातं, आणि इथल्या हवेत ते चालूनही जातं. तिकडं ते गोठून इंजिन फोडू शकतं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं शुद्ध पाणी हे मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. काचेवर मारायच्या पाण्याचंही तसंच: साधं पाणी काढून थंडीत न गोठणारं भरा, नाहीतर पंप फुटतो.

डिझेल गाडी असेल तर इथून टाकी भरून वर नेऊ नका. उन्हाळी प्रतीच्या डिझेलमधलं मेण थंडीत बाहेर येतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी बंद पडते. वर चढण्याआधी टाकी रिकामी होत आणा आणि तिथलं डिझेल भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते याचसाठी. ज्या गाड्यांत डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) लागतं त्यांनी हे ध्यानात ठेवा की ते उणे ११ ला गोठतं. टाकीला हीटर असतो, पण सुट्या कॅनला नसतो.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. कडाक्याच्या थंडीत तिची ताकद निम्म्यापर्यंत उतरते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो.

आणि आपल्या भागापुरतं एक खास. पावसाळ्यात खानापूरच्या नाल्यांतून, पाणी चढलेल्या फरशीवरून गाडी गेली असेल तर मागच्या डिफरन्शियलमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, हवा येण्या-जाण्याच्या बारीक नळीतून पाणी ओढून घेते. तेल थोडं काढून बघा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर बदला. कपलिंगचं तेल बहुतेक गाड्यांत वेगळं असतं आणि सर्व्हिसमध्ये ते विसरलं जातं. पुस्तकात दिलेल्या अंतराला ते बदललं आहे का, विचारून घ्या.

चालवताना

मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडून काढा. स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, तिन्ही एका वेळी एकच: टायरकडं आधीच थोडी पकड आहे, ती दोन कामांत वाटली की दोन्ही बिघडतात. वेग वळणाआधी सरळ रेषेत कमी करा, वळताना पाय शांत, वळण सुटल्यावर हलका ॲक्सिलरेटर. पुढच्या गाडीपासून किमान ८ ते १० सेकंदांचं अंतर.

उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्या. फोर-एचमध्ये किंवा कपलिंग लॉक असताना इंजिनचा ब्रेक चारही चाकांत वाटला जातो, हा फोर-बाय-फोरचा उतरतानाचा एक खरा उपयोग. पण त्यानं पकड वाढत नाही, फक्त ती सारखी वापरली जाते. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलताच लागणारा जोरदार रिजनरेशन (मोटरच ब्रेकसारखी धरून बॅटरी भरते तो) कमी करून ठेवा, नाहीतर उतारावर तोच चाकं घसरवतो.

ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर झाली तर एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा, काम करतोय, दाबूनच ठेवा. भुसभुशीत ताज्या बर्फात एबीएसनं अंतर थोडं वाढतं, कारण अडकलेलं चाक बर्फाचा ढीग पुढं साठवून थांबलं असतं, फिरतं चाक तसं करत नाही. बदल्यात स्टिअरिंग हातात राहतं, आणि दरीच्या कडेला तेच हवं. गाडी वळत नसून सरळच चालली असेल तर स्टिअरिंग आणखी पिळू नका. थोडं सरळ करा, पाय उचला; टायर धरला की वळेल.

काळा बर्फ, म्हणजे डांबरावरचा पारदर्शक थर, डोळ्यांना ओल्या रस्त्यासारखा दिसतो. दुपारी वितळलेलं पाणी रस्ता ओलांडतं आणि ऊन गेलं की गोठतं. सावलीतली वळणं, पूल, बोगद्यांची तोंडं या त्याच्या जागा. कानांनी तो आधी कळतो: टायरचा घरघर आवाज अचानक बंद होतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. त्या क्षणी काहीच करू नका, ना ब्रेक, ना वळवणं. गाडी तिच्या गतीनं पलीकडं जाऊ द्या. दिवसा १० ते ३ मध्ये प्रवास संपवला तर यातलं बरंच टळतं.

अडकली तर

बर्फ गाडीच्या पोटाला लागला की चाकांवरचं वजन उतरतं, आणि मग चार काय, सहा चाकं असली तरी उपयोग नाही. आधी फावड्यानं पोटाखालचा आणि चाकांपुढचा बर्फ काढा. स्टिअरिंग सरळ करा. स्थैर्य नियंत्रणाचं बटण बंद करा, कारण ते चाक फिरलं की इंजिनची ताकद कापतं आणि इथं थोडं फिरणं हवं असतं. दुसरा गिअर आणि रिव्हर्स आलटून पालटून गाडी झोके देत पुढं-मागं करा. चाकाखाली वाळू, बारीक खडी, गाडीतल्या पायपुसण्या, काहीही चालतं. बाहेर आल्यावर बटण आठवणीनं चालू करा.

सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं असेल तर इंजिन चालू करून आत बसू नका. कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला ना वास ना रंग, आणि ऊब मिळतेय म्हणत माणसं झोपेतच जातात. आधी तोंड मोकळं करा, एक काच बोटभर उघडी ठेवा, आणि बर्फ पडत असेल तर थोड्या थोड्या वेळानं उतरून पुन्हा बघा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओले ब्रेक गोठून चिकटतात. सपाट जागा बघा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतलं तर काच तडकते; प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा आणि हीटरला दहा मिनिटं द्या.

परत आल्यावर खालची बाजू भरपूर पाण्यानं धुऊन घ्या, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आणि वाळू शाफ्टच्या रबरी बुटांत, ब्रेकच्या पिनांत बसलेली असते. गाडी लिफ्टवर असतानाच ते बूट फाटलेत का पाहा. चिरलेल्या बुटात एक पावसाळा चिखल गेला की आतला जॉइंट वळताना कटकट वाजू लागतो.